औषधाच्या ट्रायलच्या (माणसांवरच्या चाचणीच्या) नावाखाली ८२,८०० गेले, यवतमाळ-वाशिमकडच्या लोकांनी वाचा

लिहू का नको करत बरेच महिने काढले. बायको म्हणाली लिहून टाका, आता लाज उरलीच किती आपली. मी कृषी केंद्रात बसतो, बीएस्सी अ‍ॅग्री आहे, बोगस बियाण्याची बॅग हातात घेतली की ओळखतो, गावातल्या म्हाताऱ्यांना रोज सांगतो का काका लॉट नंबर पाहा, तारीख पाहा, पक्कं बिल घ्या. आणि मलाच एकानं तारखेवर गंडवलं.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये बायकोचं पित्ताशयातल्या खड्यांचं दुर्बिणीचं ऑपरेशन झालं, जिल्ह्याच्या ठिकाणी, प्रायव्हेटमध्ये. आधी रक्त तपासलं तर हिपॅटायटिस सी चं, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीच्या व्हायरसचं, झटपट तपासणीचं कार्ड रिअ‍ॅक्टिव्ह (पॉझिटिव्ह) आलं. झालं, फाइलवर लाल शिक्का, वेगळ्या किटचे ६,००० जास्तीचे, आणि सिस्टर दारातूनच बोलायला लागल्या. घरी आम्ही कोणालाच सांगितलं नाही, आईलाही नाही. आमच्याकडे नुसती कावीळ म्हटली तरी गिलास वेगळा होतो. हे लपवलं म्हणूनच पुढचं सगळं घडलं, कारण विचारायला कोणी ठेवलंच नव्हतं.

ऑपरेशन चांगलं झालं, टाके भरले. पोळ्याच्या आसपास बेंबीजवळचं भोक परत पाझरायला लागलं. गोळ्या बदलल्या, इंजेक्शनं झाली, पाझरणं चालूच. पू तपासायला दिला तर कल्चरचा (जंतू उगवून पाहायच्या तपासणीचा) रिपोर्ट "नो ग्रोथ", काही उगवलं नाही. म्हणजे जंतू नाहीत, मग पू कशाचा? डॉक्टर म्हणे होईल हळूहळू.

तेवढ्यात फोन आला. "रिसर्च कोऑर्डिनेटर" बोलतो म्हणे. बायकोचं नाव माहीत, कार्डचा निकाल माहीत, कल्चरमध्ये काय आलं तेही माहीत. फाइल कुठून फुटली हे सांगायची गरज नाही, समजून घ्या. त्याचं म्हणणं असं का कल्चरमध्ये जंतू आला नाही म्हणजे हा जंतूचा पू नाहीच, व्हायरस रक्तातून जखमेत उतरून राह्यला, त्याच्यावर नागपूरला नवीन इंजेक्शनची ट्रायल चालू आहे, सहा इंजेक्शनं, हप्त्याला एक, जखमही भरते आणि कार्डही निगेटिव्ह येते. वरून सांगितलं का या व्हायरसच्या शोधाला २०२० चं नोबेल मिळालं. मी रात्री मोबाईलवर पाहिलं, खरंच मिळालेलं, तिघांना. एक गोष्ट खरी निघाली का बाकीच्या नऊ आपण तपासतच नाही. ट्रायलचा सीटीआरआय नंबरही (सरकारी साइटवर ट्रायलची नोंद होते तो) दिला होता, तोही साइटवर उघडला, आहे म्हटल्यावर खाली काय लिहिलं ते वाचलं नाही. भाच्यानं नंतर वाचलं. अभ्यास गुडघेदुखीचा, दुसऱ्याच राज्यातला! नंबर खरा असून उपयोग नाही, आजार कोणता, दवाखाना कोणता, हे वाचत जा.

१८ सप्टेंबरला बुधवारी तो मोटरसायकलवर आला, गळ्यात आयकार्ड, हातात थर्मोकोलचा डबा. घरीच रक्त काढलं. नोंदणीचे ५,५०० आणि व्हायरल लोडचे (रक्तात व्हायरस किती ते मोजायचे) ७,८०० फोनवरून टाकले, खातं कुठल्यातरी ट्रेडर्सच्या नावावर. विचारलं तर म्हणे कंपनीची सिस्टर फर्म आहे. बरं बाबा.

२१ ला रिपोर्ट घेऊन आला, रंगीत, लॅमिनेशन केलेला, व्हायरस २४,६०,००० म्हणून ठळक अक्षरात. मी तो आकडाच पाहत बसलो. बायकोनं कागद घेतला आणि म्हणाली, "काहून जी, इथं रक्त घेतल्याची तारीख १७ लिहून आहे. १७ ले तं गणपती विसर्जन होतं, हा माणूस आलाच कुठी होता?"

तो हसला. "टायपिंग मिस्टेक, ताई." आणि मी, बीएस्सी अ‍ॅग्री, बायकोलाच म्हटलं, तुले काय समजते त्यातलं, चूप राय. हे वाक्य मला अजून झोपू देत नाही, पैशापेक्षा जास्त. बॅगवर एका दिवसाचा फरक दिसला तर मी कंपनीच्या माणसाला दुकानात उभं करत नाही, आणि इथं रक्त काढायच्या आदल्या दिवशीच रक्त पोचलेलं लॅबमध्ये आणि मी मान हलवतो. त्याच बैठकीत ३५,००० "इन्शुरन्स डिपॉझिट" भरलं, ट्रायल संपल्यावर परत मिळणार म्हणे. दुकानातून उचल घेऊन भरलं.

लोक म्हणतील एवढा कसा येडा. भाऊ, बायको दीड महिना पाझरत्या पोटावर पट्टी बांधून निंदणाला जाऊन राह्यली होती, तुमच्या घरी असतं तर तुम्हीही भरले असते.

इंजेक्शनं २५ सप्टेंबर, २ ऑक्टोबर, ९ ऑक्टोबर, एकेक ११,५०० ला, ते मात्र रोख. बाटलीवर कंपनीचं लेबल नाही, पांढरी पट्टी आणि पेनानं नंबर, का तर "स्टडी ड्रग" आहे. इंजेक्शन दिल्यावर लघवी पिवळीधम्मक व्हायची. विचारलं तर म्हणे व्हायरस बाहेर पडून राह्यला. मी खुश. तिसऱ्यासाठी ओलं सोयाबीन ३,९०० नं व्यापाऱ्याला घातलं, हमीभाव ४,८९२ होता. १६ ला चौथं होतं, त्या दिवशी फोन बंद. ५,५००, ७,८००, ३५,००० आणि ३४,५००, झाले ८२,८००.

मग भाचा आम्हाला नागपूरला मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा काय विचारलं असेल तर, ऑपरेशन दुर्बिणीचं होतं का आणि पाझरणं किती दिवसांनी सुरू झालं. महिन्याभरानं म्हटल्यावर त्यांना अंदाज आलाच. टीबीच्या जातभाईतले जंतू असतात, पाण्यात-मातीत राहतात, दुर्बिणीची औजारं नीट निर्जंतुक झाली नाहीत किंवा औषधात बुडवून परत साध्या पाण्यानं धुतली तर भोकात जाऊन बसतात. साधं कल्चर दोन दिवसात फेकून देतात आणि हे जंतू उगवायला त्याहून जास्त दिवस लागतात, म्हणून "नो ग्रोथ". लॅबला सांगून पू जास्त दिवस ठेवला तेव्हा सापडले. हिपॅटायटिस सी नं टाक्यात पू होतच नाही म्हणे. चार-पाच महिने गोळ्या चालल्या, जखम भरली.

आणि तो व्हायरस? आरएनए टेस्ट केली, म्हणजे रक्तात व्हायरस आत्ता आहे का ते पाहणारी, नॉट डिटेक्टेड, नाहीच. कार्ड फक्त अँटिबॉडी (शरीरानं व्हायरसविरुद्ध बनवलेली) दाखवते, कधीतरी लागण होऊन गेली एवढंच. बऱ्याच लोकांचा व्हायरस आपोआप जातो, कार्ड मात्र पॉझिटिव्हच राहते, बरं झाल्यावरही. म्हणून कार्ड निगेटिव्ह करून देतो म्हणणारा माणूस तिथंच खोटा. असता तरी सरकारच्या कार्यक्रमात २०१८ पासून तपासणी आणि औषध फुकट आहे, आणि औषध म्हणजे साधारण १२ आठवडे गोळ्या, इंजेक्शन नाहीच. पिवळ्या लघवीचं ऐकून बाई म्हणाल्या, बी कॉम्प्लेक्स दिलं असेल. ११,५०० चं बी कॉम्प्लेक्स!

तिथंच एका अभ्यासासाठी पुवाचा नमुना ठेवू का म्हणून विचारलं. कागद मराठीत, वाचून दाखवला, नाही म्हटलं तरी उपचार थांबणार नाही हे दोनदा सांगितलं, पैसा एक नाही. मला घाम फुटला. बायकोनं तारीख पाहिली आणि सही केली. खऱ्या ट्रायलमध्ये औषधाचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत, डिपॉझिट तर नाहीच, उलट ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई त्यांनी द्यायची, २०१९ च्या नियमात आहे हे.

आता तक्रारीचं ऐका. दिवाळी झाल्यावर ४ नोव्हेंबरला ठाण्यात गेलो. विधानसभेचं इलेक्शन, २० ला मतदान, सगळे बंदोबस्तात, २० नंतर या. २० नंतर गेलो तर "तुम्हीच तं दिले पैसे, त्यानं हिसकावले का?" ऑनलाइनचे ४८,३०० सायबरकडे जा, रोखीचे ३४,५०० इथं, पण पावती कुठं आहे? सायबरवाले म्हणे गुन्हा एकच आहे, ठाण्यातच द्या. दोन फेऱ्या यात. तालुक्याच्या आरोग्यवाल्यांकडे गेलो तर बोगस डॉक्टर म्हणजे ज्यानं दवाखाना थाटला तो, यानं कुठं थाटला, धाड कुठं टाकू? औषधवाल्या ऑफिसात रिकामी बाटली नेली तर लेबल नाही, कंपनीच्या रकान्यात काय लिहू म्हणतो बाबू. अरे लेबल नाही हीच तर तक्रार आहे! ऑपरेशन केलेल्या दवाखान्यानं फाइल फुटल्याचं विचारल्यावर ऑपरेशनच्या वेळी सही घेतलेला इंग्रजी कागद पुढे केला आणि चहा पाजला. फसवणुकीचं कलम, भारतीय न्याय संहितेचं ३१८, मी स्वतः छापून नेलं, तरी अजून "अर्ज चौकशीवर" आहे. मीही १९ दिवस लाजेत घालवले हे खरं. पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच तासात १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) लावा, पैसा पुढे सरकायच्या आत. आणि रोख द्यायची वेळ आली तर साक्षीदार बसवा नाहीतर देऊच नका.

मागच्या आठवड्यात जमादारच हळूच म्हणाला, एकट्याचा अर्ज आहे म्हणून पडून आहे, अजून दोघं-चौघं आले तर एफआयआर होईल. म्हणून हे लिहिलं. थर्मोकोलचा डबा, ट्रेडर्सचं खातं, पांढऱ्या पट्टीची बाटली, असं कोणाच्या घरी झालं असेल तर मेसेज करा, नाव बाहेर जाणार नाही. रिकामी बाटली आणि रिपोर्ट फेकू नका, लॅमिनेशनसकट ठेवा.