ग्राउंड लूप आयसोलेटर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

ऑनलाइन तीन-चारशे रुपयांत मिळणारी, दोन्ही टोकांना आरसीए जॅक (ऑडिओच्या लाल-पांढऱ्या पिना बसतात ते) असलेली ही बिननावाची छोटी डबी आठ महिने रोज वापरात आहे. जोडणी अशी : केबलचा सेट-टॉप बॉक्स, तिथून एचडीएमआयने टीव्ही, टीव्हीच्या हेडफोन जॅकमधून स्टिरिओ ॲम्प्लिफायर, आणि त्याच्या प्री-आउटमधून (पुढच्या उपकरणाला सिग्नल देणाऱ्या जॅकमधून) खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यातला पॉवर्ड सबवूफर, म्हणजे स्वतःचा ॲम्प्लिफायर असलेला बासचा स्पीकर. स्पीकरमधून सतत येणारी ‘घूंऽऽ’ डबी लावताक्षणी गेली आणि परत आली नाही. पण सुरुवातीला डबी चुकीच्या जागी लागली होती आणि तिने बास खाल्ला. डबी घेण्याआधी हे जागेचं प्रकरण समजून घ्यावं, कारण किमतीपेक्षा जागेने जास्त फरक पडतो.

डबीत दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात, प्रत्येक चॅनेलला एक, १:१ गुणोत्तराचे. वीज लागत नाही. सिग्नल चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो, तार मात्र सलग राहत नाही. आजार नेमका त्या सलग तारेचाच असतो. वरच्या जोडणीत टीव्ही, बॉक्स आणि ॲम्प्लिफायर टू-पिनवर आहेत (अर्थ पिन नाही), सबवूफर थ्री-पिनवर. केबलवाल्याच्या कोॲक्सची (सिग्नल आणणाऱ्या गोल वायरीची) शील्ड, म्हणजे मधल्या तारेभोवतीची धातूची जाळी, इमारतीत दुसरीकडे कुठेतरी अर्थ झालेली असते. म्हणजे कोॲक्स, बॉक्स, टीव्ही, ॲम्प्लिफायर, सबवूफर, त्याची तिसरी पिन, घराचं अर्थिंग आणि तिथून परत कोॲक्स, असं पूर्ण वर्तुळ तयार होतं. हाच ग्राउंड लूप. दोन ठिकाणच्या अर्थमध्ये थोडा जरी व्होल्टेजचा फरक असला तरी या वर्तुळातून ५० हर्ट्झचा प्रवाह फिरतो.

आरसीए वायरमध्ये शील्ड हीच सिग्नलची परतीची वाट असते, तिथे सगळं बिनसतं. शील्ड आणि तिचे जोड मिळून ०.१ ओहम रोध धरा, प्रवाह १० मिलिअँपिअर. झाला १ मिलिव्होल्ट. संवाद हळू चालू असताना मूळ सिग्नल ५०-१०० मिलिव्होल्टच्या आसपास असेल, तर हा १ मिलिव्होल्ट शांत खोलीत स्पष्ट ऐकू येतो. सोन्याचा मुलामा दिलेल्या पिना इथे काही करत नाहीत. फेराइटची क्लिप रेडिओ लहरींसाठी असते, ५० हर्ट्झला तिचा उपयोग शून्य. जाड शील्डची आणि शक्य तितकी आखूड वायर मात्र खरोखर फरक पाडते, कारण रोध कमी होतो.

पण आवाज लूपचाच आहे का, ते आधी तपासावं. ॲम्प्लिफायरच्या सगळ्या इनपुट वायरी आणि सबवूफरची वायर काढा. स्पीकर तरीही घुमत असेल तर दोष आतला आहे, बहुतेक वेळा पॉवर सप्लायचे जुने झालेले फिल्टर कपॅसिटर; त्यावर डबी चालत नाही. आवाज स्पीकरमधून न येता ॲम्प्लिफायरच्या पेटीतूनच येत असेल तर ट्रान्सफॉर्मर थरथरतोय. पंख्याच्या रेग्युलेटरवर वेग बदलला की आवाजाची धार बदलते का, तेही बघा. जुना ट्रायॅकचा रेग्युलेटर असेल तर तिखट ‘झर्रर’ येतो. कपॅसिटरचा स्टेप-टाइप रेग्युलेटर बसवला की हा त्रास थांबतो. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवरच आवाज वाढत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर-वेव्हचा आहे का ते पाहा.

यातलं काही नसेल तर वायरी एकेक करून परत जोडा. ज्या वायरीला आवाज सुरू होतो, ती वर्तुळातली एक कडी. शेवटी सेट-टॉप बॉक्समागचा कोॲक्सचा स्क्रू-कनेक्टर सोडवा. चित्र जाईल; त्याच क्षणी ‘घूं’ही गेली तर लूप केबलमधून येतोय, शंका नको. भारतीय घरांत टीव्हीच्या जोडणीत पहिला संशय इथेच घ्यावा.

आता जागा. वर्तुळ कुठेही तोडलं तरी तुटतं, त्यामुळे जिथे सिग्नलचं कमीत कमी नुकसान होईल तिथे तोडायचं. पहिल्यांदा डबी सबवूफरच्या लाइनवर लावली गेली, कारण घुमणं तिथेच सर्वांत जास्त ऐकू यायचं. ती सर्वांत वाईट जागा. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यावरचा ताण व्होल्टेज भागिले फ्रीक्वेन्सी या हिशेबाने वाढतो : त्याच व्होल्टेजला ८० ऐवजी ४० हर्ट्झ म्हणजे दुप्पट ताण, २० हर्ट्झ म्हणजे चौपट. स्वस्त डबीतला गाभा इवलासा, आणि सबवूफर तर फक्त खालचेच स्वर वाजवतो. गाभा सॅच्युरेट होतो, म्हणजे त्याहून जास्त चुंबकत्व पेलू शकत नाही, आणि ढोलाचा ‘धम्म’ चपटा, फाटका येतो. फोनवरच्या टोन जनरेटरने ८०, ६०, ५०, ४०, ३० हर्ट्झ असं उतरत जाऊन डबीसह आणि डबीशिवाय ऐकलं की कान लगेच सांगतात. ५० च्या खाली फरक ठळक होता.

मग डबी टीव्ही आणि ॲम्प्लिफायरच्या मध्ये आली. तेच वर्तुळ, तीच शांतता, बास बराचसा परत. टीव्हीच्या हेडफोन आउटचा आवाज शंभरावरून पन्नास-साठवर आणून ॲम्प्लिफायरचा नॉब वाढवला तेव्हा फाटणं थांबलं, कारण गाभ्यावरचं व्होल्टेज उतरलं. टीव्हीचा आवाज फार खाली नेला तर ॲम्प्लिफायरची ‘सुस्स’ वर येते, तेव्हा मध्यावरच थांबावं. डबी ॲम्प्लिफायरच्या बाजूला ठेवावी आणि तिच्यानंतरची वायर अर्धा मीटरपेक्षा लांब नसावी. लांब वायरीच्या कपॅसिटन्सने वरचे स्वर बिघडतात. मात्र ॲम्प्लिफायरच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरला चिकटवून ठेवली तर डबी स्वतःच घुमणं पकडते. वीतभर लांब सरकवून थोडी फिरवली की जातं.

त्याहून चांगला उपाय म्हणजे वर्तुळ ऑडिओत न तोडता कोॲक्समध्येच तोडणं. बॉक्समागे लावायचा कोॲक्स आयसोलेटर मिळतो. त्यात मधली तार आणि शील्ड दोन्ही कपॅसिटरमधून जातात. टीव्हीचा सिग्नल पार होतो, ५० हर्ट्झ अडतो, आणि ऑडिओला हातही लागत नाही. आता टीव्हीच्या लाइनवर हाच आहे. डिश असलेल्यांनी मात्र तो अजिबात लावू नये. छतावरच्या एलएनबीला (डिशच्या तोंडाशी असलेल्या सिग्नल पकडणाऱ्या भागाला) १३ किंवा १८ व्होल्ट डीसी त्याच कोॲक्समधून जातो. तो अडला की सिग्नलच बंद.

डिशवाल्यांसाठी टीव्हीचा ऑप्टिकल आउट सर्वांत स्वच्छ, कारण प्रकाशातून अर्थ जात नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउट ‘पीसीएम’वर ठेवा, नाहीतर प्रकाशाचा पुन्हा ॲम्प्लिफायरला चालणारा सिग्नल करणाऱ्या साध्या कन्व्हर्टरमधून आवाज येणार नाही किंवा नुसती खरखर येईल. आणि त्या कन्व्हर्टरला ५ व्होल्ट टीव्हीच्या यूएसबीतून देऊ नका. तसं केलं की टीव्हीचं आणि ॲम्प्लिफायरचं ग्राउंड यूएसबीच्या तारेतून पुन्हा एक होतं आणि केलेलं सगळं पाण्यात जातं. वेगळा टू-पिन चार्जर वापरा.

दोन सल्ले कोणीही दिले तरी ऐकू नयेत. पहिला, थ्री-पिनची अर्थ पिन काढून टाकण्याचा. आवाज जातो हे खरं, पण आत फेज पत्र्याला लागली तर सबवूफरच्या पत्र्यावर २३० व्होल्ट उभे राहतात आणि आरसीएच्या शील्डमधून ते टीव्हीपर्यंत पोहोचतात. जीव जाऊ शकतो. दुसरा, म्युझिक सिस्टिमसाठी वेगळा अर्थिंगचा खड्डा घेण्याचा. घराच्या अर्थला न जोडलेला दुसरा खड्डा म्हणजे व्होल्टेजच्या फरकाची आणखी एक जागा. घुमणं वाढू शकतं आणि सुरक्षा घटते. त्याऐवजी ॲम्प्लिफायर, टीव्ही, कॉम्प्युटर आणि सबवूफर एकाच सॉकेटवरच्या एकाच बोर्डवर आणा, सबवूफरसाठी तीन तारांची एक्स्टेंशन ओढा. एवढ्यानेच कित्येक घरांत काम होतं. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेजही बघून ठेवा. दोन-तीन व्होल्टच्या आत ठीक, दहा-वीस दिसले तर डबी नंतर, आधी वायरमन.

डबी रेकॉर्ड प्लेअरच्या फोनो वायरीवर लावू नये. सुईचा सिग्नल काही मिलिव्होल्टचा असतो आणि ट्रान्सफॉर्मरने त्याचा लोड बदलतो. तिथे प्लेअरची सुटी ग्राउंड वायर ॲम्प्लिफायरच्या ‘जीएनडी’ स्क्रूला घट्ट आहे का, ते पाहणं पुरतं. स्पीकरच्या तारांवर तर ती चालतच नाही.

सध्या डबी डेस्कटॉप कॉम्प्युटर आणि ॲम्प्लिफायरच्या मध्ये आहे. तिथे कॉम्प्युटरची तिसरी पिन आणि सबवूफरची तिसरी पिन यांचं स्वतंत्र वर्तुळ होतं. माउस हलवला की येणारी ‘किर्रर’ही डबीने त्याच फटक्यात बंद केली. कॉम्प्युटरचं आउटपुट साठ टक्क्यांवर आहे. आठ महिन्यांत एक बिघाड झाला : उजव्या चॅनेलच्या आरसीए जॅकचा सोल्डरचा टाका सुटला. नवा टाका मारायला पाच मिनिटं लागली; वायरीचं वजन जॅकवर येऊ नये म्हणून डबी आता टेबलाच्या पाठीला दुहेरी चिकटपट्टीने बसवली आहे.