दोन फुटी टँकवरून चार फुटीवर: रीफ-पाय कंट्रोलर, एका उन्हाळ्यानंतर

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालणारा, टँकचं तापमान, लाइट, पंप सांभाळणारा रीफ-पाय हा मुक्तस्रोत कंट्रोलर माझ्या समुद्री टँकवर आधीपासून होता. दिवाळीनंतर दोन फुटी टँक बंद करून चार फुटी लावला (४ बाय २ बाय २, १२ मिमी काच) आणि तोच कंट्रोलर त्यावर नेला. आता ठाण्यातला अख्खा उन्हाळा त्याच्यावर काढून झालाय, म्हणून सविस्तर लिहितोय. कंट्रोलर उचलून दुसरीकडे लावणं सोपं आहे. खरा वेळ जातो तो आतले आकडे नव्या पाण्याला बसवण्यात, आणि कोरल (प्रवाळ) टिकणार की जाणार हे तिथेच ठरतं.

सोप्या भागाबद्दल थोडक्यात. रीफ-पायची सगळी मांडणी, म्हणजे टायमर, तापमानाच्या मर्यादा, लाइटचं वेळापत्रक, सगळं डेटाबेसच्या एकाच फाईलमध्ये असतं. ती नव्या मेमरी कार्डावर उतरवली, रिलेच्या (कंट्रोलरच्या हुकमाने उपकरणं चालू-बंद करणारे स्विच) वायरी त्याच क्रमाने जोडल्या, की पडद्यावर जुनंच सगळं दिसतं. सोडण्याआधी प्रत्येक वायरला चिठ्ठी लावा, एवढं पुरे.

मला सर्वात आवडलेली गोष्ट तापमानाच्या सेन्सरची. डीएस१८बी२० हा सेन्सर जेमतेम दोन-चारशे रुपयांचा, पण एकाच डेटा वायरवर असे अनेक सेन्सर बसतात आणि प्रत्येकाचा क्रमांक वेगळा असतो. त्यामुळे जुना टँक चालू असतानाच दुसरा सेन्सर नव्या टँकमध्ये सोडला. जुन्यावर नियंत्रण, नव्याचं फक्त वाचन. दोन्ही आलेख शेजारी शेजारी दिसत होते. नव्या टँकची रेषा स्थिर झाली, पाण्यात अमोनिया आणि नायट्राइट शून्य आले, मगच मासे आणि कोरल हलवले. हलवाहलवीत एका क्षणासाठीही टँक कंट्रोलरविना नव्हता.

आता आकड्यांकडे. जुन्या टँकमध्ये साधारण १२५ लिटर पाणी, नव्यात ४५० च्या आसपास, संप (मुख्य टँकखालची पाण्याची टाकी) वेगळा. ३०० वॅटच्या हीटरला १२५ लिटर पाणी एका अंशाने तापवायला अर्धा तास पुरतो, ४५० लिटरला पावणेदोन तास लागतात. चिलरने, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्राने, थंड करतानाही तेच. म्हणजे लहान टँकवर 'चिलर इतका वेळ चालला तरी तापमान उतरत नाही, काहीतरी बिघडलंय' असं सांगणारी मर्यादा मोठ्या टँकवर रोज दुपारी खोटा गजर करणार. मी चिलर २६.८ ला चालू आणि २६.२ ला बंद ठेवलाय. या दोन आकड्यांत अंतर हवंच, नाहीतर कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद होऊन लवकर संपतो. शिवाय दुसरा सेन्सर मी काढलाच नाही, मुख्य टँकमध्ये कायमचा ठेवला. संपातलं पाणी वर ढकलणारा रिटर्न पंप थांबला तर संप आणि वरचा टँक यांचं तापमान वेगवेगळं होत जातं, आणि फक्त संपात सेन्सर असेल तर ते कळतच नाही.

डोसिंगबद्दल, म्हणजे कोरलला लागणारी द्रावणं पंपाने पाण्यात सोडण्याबद्दल, जरा थांबून सांगतो, कारण इथे बहुतेक जण हिशेब पाण्यावरून करतात. पाणी साडेतीन पट झालं म्हणून अल्कलिनिटीचा (पाण्यातल्या कार्बोनेटचा) डोसही साडेतीन पट करायचा, असं होत नाही. कॅल्शियम आणि कार्बोनेट खातात ती कोरल, पाणी नव्हे. कोरल तीच आणली असतील तर रोजची मागणीही जवळजवळ तीच राहते. मी पंपांचे मिलिलिटर जसेच्या तसे ठेवले, आधी रोज आणि मग दिवसाआड डीकेएच (अल्कलिनिटीचं माप) मोजला, आणि कोरल वाढतील तसा डोस वाढवत गेलो. मोठ्या पाण्याचा फायदा असा की एका डोसने येणारी उसळी आता चाचणीत दिसतही नाही.

टॉप-अपचं, म्हणजे उडालेल्या पाण्याच्या जागी आरओ पाणी भरण्याचं, गणित मात्र पृष्ठभागावर चालतं. जुन्याचा पृष्ठभाग ३ चौरस फूट, नव्याचा ८. बाष्पीभवन त्या मानाने वाढलं, मे महिन्यात तर फारच. पातळी उतरली की टॉप-अपचा पंप चालू करणारा फ्लोट स्विच जिथे आहे तो संपाचा कप्पा ३० बाय २५ सेंमी, म्हणजे पातळी एक सेंटिमीटर उतरली की ७५० मिली पाणी उडालं. यावरून पंप एका वेळी किती सेकंद चालायला हवा ते काढलं आणि त्याहून जास्त चालला की ईमेल येईल असं ठेवलं. आरओ पाण्याचा डबा मुद्दाम २० लिटरचाच ठेवलाय. स्विच अडकून सगळा डबा रिकामा झाला तरी ५०० लिटरमध्ये क्षारता (हजार भाग पाण्यातलं मीठ) ३५ वरून ३३.७ च्या आसपास येईल. जुन्या टँकमध्ये ती ३० वर गेली असती.

वायरिंग पूर्ण नव्याने करा, हे मी आग्रहाने सांगेन. माझ्या जुन्या रिले बोर्डचा एक संपर्क उन्हाळ्याच्या तोंडावर चिकटला आणि चिलर बंद होईना. बोर्डवर १० अँपियर छापलेलं असलं तरी कॉम्प्रेसर सुरू होतानाचा झटका त्याला झेपत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून काँटॅक्टर (जास्त करंट झेपणारा मोठा स्विच) आणला. आता रिले फक्त काँटॅक्टरची कॉइल ओढतो आणि चिलरचा करंट काँटॅक्टरमधून जातो. रिटर्न पंप रिलेच्या 'नॉर्मली क्लोज्ड' बाजूला जोडलाय, म्हणजे रास्पबेरी पाय बंद पडला तरी पाणी फिरत राहतं. हीटर, चिलर आणि टॉप-अप 'नॉर्मली ओपन' बाजूला, म्हणजे तेव्हा ते बंद होतात. पण चालू अवस्थेतच रास्पबेरी पाय अडकला तर हीटर चालूच राहील, म्हणून हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट २७ वर आहे. या सगळ्याच्या मागे ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच. त्याच्याविना खाऱ्या पाण्यात हात घालू नये.

पीएच प्रोब हलवताना टोक सुकू देऊ नका आणि आरओ पाण्यातही बुडवून ठेवू नका. स्टोरेज सोल्यूशनच हवं. लावल्यावर ७ आणि १० पीएचच्या बफरने (ठरावीक पीएचचं द्रावण) कॅलिब्रेट केला. तरी मी पीएचवर काहीही चालू-बंद करत नाही, फक्त आलेख बघतो.

कंट्रोलरची पेटी आता टँकखालच्या कपाटात नाही, बाजूच्या भिंतीवर आहे. कपाटातल्या दमट खाऱ्या हवेने जुन्या स्क्रू टर्मिनलवर हिरवा थर चढला होता. भिंतीवर आणल्यापासून, पाऊस सुरू होऊनही, टर्मिनल स्वच्छ आहेत.

ज्याला सोल्डरिंग येतं आणि ग्राफ बघायची आवड आहे, त्याने रीफ-पाय बिनधास्त घ्यावा. लाइट, तापमान, टॉप-अप, डोसिंग, खाणं घालताना पंप थांबवणारा मॅक्रो, सगळं त्यात आहे आणि सॉफ्टवेअरचा खर्च शून्य. ज्याला वायरिंगची भीती वाटते त्याने तयार कंट्रोलर घ्यावा, पैसे जास्त गेले तरी. दोघांनाही डेटाबेसची प्रत ठेवण्याची सवय हवी. वीज गेल्यावर माझं एक कार्ड खराब झालं होतं. डेटाबेस उतरवलेलं दुसरं कार्ड घातलं आणि दहा मिनिटांत चिलर पुन्हा २६.२ कडे निघाला.