स्टॉल खरा, बुकिंग खोटं

तुमच्या स्टार्टअपचं नाव एखाद्या टेक कॉन्फरन्सच्या वेबसाइटवर झळकलं, की पहिला फोन गिऱ्हाइकाचा येत नाही, 'हॉस्पिटॅलिटी डेस्क'चा येतो.

आमची चौघांची टीम, ऑफिस इंदूरला विजयनगरात. सराफ्यातल्या सोनारांना दागिन्यांची डिझाइनं टॅबवर फिरवून दाखवता यावीत, असं ॲप आम्ही बनवतो. बेंगळुरूला एका टेक्नॉलॉजी आणि डिझाइन कॉन्फरन्समध्ये आम्ही स्टॉल घेतला. कॉन्फरन्स खरी, आयोजक खरे, स्टॉलही ठरल्याप्रमाणे मिळाला. फसवलं ते मधल्यामध्ये घुसलेल्या माणसानं. पैसे भरून मिळणाऱ्या बोगस अवॉर्डांबद्दल आता बहुतेकांना ठाऊक आहे. या प्रकाराबद्दल फार कोणी बोलत नाही, म्हणून लिहितोय.

एक्झिबिटरांच्या यादीत आमचा लोगो लागला आणि पाठोपाठ फोन आला. हिंदीत, अगदी अदबीनं. त्याला आमचा हॉल माहीत, स्टॉल नंबर माहीत, डिझायनरचं नाव माहीत. यातलं गुपित काहीच नव्हतं, सगळं वेबसाइटवर आणि लिंक्डइनवर होतं. पण फोनवर समोरून ऐकलं की माणूस आतलाच वाटतो. "सर, उस हफ्ते बेंगलुरु में रूम नहीं मिलेगा, एक्झिबिटर रेट आज शाम तक ही है," म्हणाला. मोठ्या प्रदर्शनाच्या आठवड्यात खोल्या खरंच महागतात, त्यामुळे पटलं. खोल्यांच्या जोडीला स्टॉलची लाइट, टेबल-खुर्च्या आणि वायफाय असं 'पॅकेज' त्यानं लावलं. कॉन्फरन्सचा लोगो असलेलं प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, म्हणजे आगाऊ पैशांसाठीचं कच्चं बिल आलं, रक्कम ७४,००० रुपये. संध्याकाळच्या आत पैसे गेले.

बेंगळुरूला रात्री हॉटेलवर पोचलो तर आमच्या नावाचं बुकिंगच नाही. हॉटेल खरं होतं. रिसेप्शनवरच्या मुलीनं आमचा कागद नीट पाहिलासुद्धा नाही. अशी व्हाउचरं घेऊन आलेले आम्ही पहिले नव्हतो. दुसऱ्या दिवशी स्टॉलवर गेलो, तर टेबल, दोन खुर्च्या, स्पॉटलाइट, प्लग पॉइंट आणि वरच्या पाटीवर आमचं नाव, सगळं आधीच लावलेलं. नऊ चौरस मीटरच्या शेल स्कीममध्ये, म्हणजे आयोजकांनी उभारून दिलेल्या तयार स्टॉलमध्ये हे सहसा भाड्यातच येतं, आमच्याही आलं होतं. म्हणजे त्यानं आमचंच सामान आम्हाला विकलं!

इंदूरला परतल्यावर रामबागेतल्या आमच्या सीएंनी ते इन्व्हॉइस चष्मा कपाळावर चढवून वाचलं. "अरे, हा जीएसटी नंबर बघ," म्हणाले. पंधरा अक्षरी नंबरातले पहिले दोन आकडे राज्याचे: मध्य प्रदेश २३, गुजरात २४, महाराष्ट्र २७, कर्नाटक २९. इन्व्हॉइसवर पत्ता बेंगळुरूचा आणि नंबर २७ नं सुरू. त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन, आणि पॅनचं चौथं अक्षर धारक कोण ते सांगतं: कंपनी असेल तर 'सी', एकटा माणूस असेल तर 'पी'. इन्व्हॉइसवर 'प्रायव्हेट लिमिटेड' छापलेलं आणि नंबरात 'पी'. जीएसटी पोर्टलवर टाकला तर भलत्याच कुणाचा तरी निघाला, बहुधा त्या बिचाऱ्याला याची खबरही नसेल. या तपासणीला लॉगिनसुद्धा लागत नाही.

खात्याच्या नावाचंही तसंच. एनईएफटी, आरटीजीएसमध्ये पैसे खाते नंबरावर जातात, आपण टाइप केलेल्या नावाशी ताळा घातला जात नाही. रिझर्व्ह बँकेनं बँकांना १ एप्रिल २०२५ पर्यंत खातेदाराचं नाव आधी दाखवण्याची सोय करायला सांगितलं होतं. ते नाव वाचा. आयोजकांचं नसेल तर थांबा आणि त्यांना फोन करा, पण नंबर एक्झिबिटर मॅन्युअलमधला, म्हणजे आयोजकांनी स्टॉलवाल्यांना दिलेल्या माहितीपुस्तिकेतला घ्या. समोरच्यानं मेलमध्ये दिलेला नको. अधिकृत हॉटेल आणि काँट्रॅक्टर ठरवले असतील तर त्यांची नावं सहसा त्याच मॅन्युअलमध्ये असतात.

पैसे गेलेच तर तासाभरातच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत बँक ती रोखून धरू शकते. आम्हाला उशिरा कळलं, त्यामुळे थोडीच रक्कम होल्ड झाली, आणि तीही अजून हातात आलेली नाही. नॅशनल सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करताना कॉलचे स्क्रीनशॉट, यूटीआर नंबर (बँकेच्या व्यवहाराचा क्रमांक) आणि ते इन्व्हॉइस जवळ ठेवा.

याच जातीचे आणखी दोन मेल येतात. एक, कॉन्फरन्सला येणाऱ्या हजारो लोकांच्या ईमेलची यादी विकणारा. दुसरा, 'डिरेक्टरीत मोफत नोंद' म्हणून फॉर्म पाठवणारा. सहीखालच्या बारीक अक्षरांत वर्षानुवर्षांची वर्गणी कबूल केलेली असते. प्रदर्शन भरवणाऱ्यांची जागतिक संघटना युफी या डिरेक्टऱ्यांबद्दल कधीपासून सावध करत आली आहे.

आणि तक्रारीनंतर आम्हाला पुन्हा एक फोन आला. या वेळी 'रिकव्हरी विभागा'तून. पैसे परत मिळवून देतो म्हणाला, फक्त आधी फाइल चार्ज भरा. तोही नंबर आम्ही तक्रारीला जोडून दिलाय.