साधी शवपेटी : खानापुरातील एका सुतारकामाचा अनुभव

गेल्या जुलैत वडील वारले, त्या रात्री शवपेटीसाठी ज्यांचे दार ठोठावले, त्या खानापुरातील सुतारांच्या कामाविषयी लिहीत आहे, कारण अशा वेळी कोणाकडे जावे याची चौकशी करायलाही घरच्यांना सवड नसते.

दुकानाला पाटी नाही. आंब्याच्या फळ्यांची साधी पेटी आणि मागणी असेल तर सागवानी, असे दोनच प्रकार ते करतात. मी सागवानीच घ्यायची असे ठरवून गेलो होतो : पॉलिश, पितळी कड्या, आत मखमल. पुण्याहून, बंगळूरहून पाहुणे येणार होते आणि थोरल्या मुलाने हात आखडला असे कोणी म्हणेल, याची मला मनापासून भीती वाटत होती. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "वडलांनी काही सांगून ठेवलंय काय?"

सांगून ठेवले होते. एप्रिल 2025 मध्ये पोप फ्रान्सिस यांचा अंत्यविधी टीव्हीवर पाहताना वडील म्हणाले होते, "माझंबी असंच साधं करा." पूर्वी पोपसाठी सरूचे लाकूड, शिसे आणि ओक अशा एकात एक तीन पेट्या असत, फ्रान्सिस यांनी 2024 मध्ये विधीच सोपा करून आतून जस्ताचा पत्रा लावलेली एकच लाकडी पेटी ठरवली, आणि कबर जमिनीत असावी, तिच्यावर नावाखेरीज काही नसावे, असे लिहून ठेवले. वडिलांना त्यातले ते नुसते नाव फार आवडले होते. सुतारांचा प्रश्न ऐकेपर्यंत मला यातले काहीच आठवले नव्हते, याचे आजही वाईट वाटते. सागवानी पेटीत त्यांना अधिक मिळाले असते, तरी त्यांनी तिचा शब्दही पुढे काढला नाही.

साधी म्हणजे कशीतरी ठोकलेली नव्हे. आंब्याचे लाकूड नीट वाळले नाही तर त्याला कीड लागते आणि आमच्याकडच्या पावसात फळ्या वाकतात. म्हणून ते उन्हाळ्यातच फळ्या वाळवून माळ्यावर रचून ठेवतात. सांधे घट्ट होते, आतली बाजूही रंधा मारून गुळगुळीत केलेली होती, आणि झाकणावरचा क्रूस त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यांचा होता, ज्याचे त्यांनी वेगळे पैसे घेतले नाहीत.

उणिवाही सांगायला हव्यात. चार तासांत देतो म्हणालेली पेटी सात तासांनी मिळाली आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी, पुढे ढकलावी लागली. ते एकटेच काम करतात, तेव्हा निरोप शक्य तितक्या लवकर द्यावा. कड्यांऐवजी लावलेले दोर ओले झाल्यावर हाताला काचतात. खांदेकऱ्यांसाठी त्यांवर कापड गुंडाळून मागावे.

दफनभूमीत पेटी खाली सोडताना मला अरिमथाईकर योसेफाची आठवण झाली. ख्रिस्ताला ठेवले ती कबर त्याची होती, म्हणजे प्रभूला शेवटची जागाही दुसऱ्याची मिळाली, आणि मी मात्र पितळी कड्यांसाठी हट्ट धरून बसलो होतो. दोन पेट्यांच्या किमतीतला फरक आईने त्याच आठवड्यात चर्चच्या गरिबांच्या निधीत दिला.

उंची सांगताना अंदाजाने सांगू नये, दोरीने माप घेऊन जावे. पेटी नेण्यासाठी गाडी आपलीच लागते.