आरसी नसलेली स्प्लेंडर आणि झाकलेले आकडे

जुनी दुचाकी घेताना समोरचा आरसी, म्हणजे नोंदणीचा कागद, "मागाहून देतो" म्हणाला, तर त्या गाडीवरून साधी चक्करसुद्धा मारू नका. आमच्या घरातले सत्तावीस हजार रुपये असे गेले. ते कसे गेले हे सविस्तर सांगते, कारण चार शहाणी माणसं जी तपासणी करतात ती सगळी आम्ही केली होती. प्रत्येक तपासणीला त्या माणसाकडे एकेक कागद तयार होता.

धाकट्या भावाला कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत काम लागलं, तेही तिसऱ्या पाळीचं. त्या वेळी केएमटीची बस नसते, रिक्षा रोज परवडत नाही, आणि नवी गाडी लाखाच्या आसपास जाते. मग जुनी बघायला सुरुवात केली. मी पतसंस्थेत कारकून आहे. कर्जाच्या फायली रोज हाताखालून जातात, त्यामुळे "ताई, तू बघ कागद" म्हणून भावानं मलाच पुढं केलं.

हायवेच्या कडेला एक पत्र्याचं शेड. पुढं गाड्यांची रांग, टायरना काळं पॉलिश, प्रत्येक आरशाला हळदीकुंकू लावलेलं. तिथं २०१६ची स्प्लेंडर होती. चकाचक. कागद पूर्ण असलेल्या तशाच गाडीला बाजारात चाळीसच्या पुढं सांगतात, हा अठ्ठावीस म्हणाला आणि सत्तावीसला तयार झाला.

"आरसी?" मी विचारलं.

"मालकाकडनं गहाळ झालीया. पोलिसात मिसिंग दिलंय, ही बघा पावती. डुप्लिकेट निघाली की आठ दिवसांत नावावर. ताई, गाडी बघा गाडी. कागदाचं मी हाय की."

पावती खरी दिसत होती. पण मिसिंगची नोंद म्हणजे अमुक वस्तू हरवली असं कुणीतरी सांगितलं, एवढाच तिचा अर्थ. ती वस्तू सांगणाऱ्याची होती का, याचा तिच्याशी काही संबंध नाही. डुप्लिकेट आरसीचा अर्ज, म्हणजे फॉर्म २६, नोंदणीवर ज्याचं नाव आहे त्यानंच करायचा असतो. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर फायनान्स कंपनीची संमतीही लागते. शेडवाला स्वतः डुप्लिकेट काढूच शकत नाही, मग तो कितीही ओळखी सांगो.

मी मोबाईलवर एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकला. सांगली पासिंगची, एमएच-१० नंबरची गाडी. मॉडेल तेच, वर्ष तेच, स्टेटस ॲक्टिव्ह, बोजा नाही, विमा चालू. मालकाचं नाव अर्धं झाकलेलं होतं, पण अक्षरं शेडवाल्यानं दिलेल्या आधारच्या झेरॉक्सशी जुळत होती. चेसिस नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर, तोही तिथं असतो, फक्त त्याचे शेवटचे आकडे झाकलेले असतात. हे ध्यानात ठेवा.

मी चेसिस नंबर बघायला मागितला. त्याचंही उत्तर होतं. त्यानं विम्याची पॉलिसी काढली, टॉर्च लावून हँडलच्या मानेवरचा नंबर दाखवला आणि दोन्ही जुळवून दाखवले. सगळी अक्षरं, सगळे आकडे तंतोतंत. पॉलिसीवर गाडीचा नंबर तोच, चेसिसही तोच. यानंतर कोण शंका घेईल?

पाचशेच्या स्टॅम्पवर करार झाला, नोटरीचा शिक्का बसला, आणि मूळ मालकाच्या सहीचा टीटी फॉर्म हातात आला. फॉर्म २९ आणि ३० या दोघांना मिळून आपल्याकडं टीटी म्हणतात. खरेदीदाराचं नाव कोरं, तारीख कोरी, फक्त खाली सही. याला शेडवाले ओपन टीटी म्हणतात आणि अशा फॉर्मवर गाडी चार हात फिरते. पतसंस्थेत कोऱ्या फॉर्मवर कर्जदाराची सही घेतली तर ऑडिटर आमची सालटी काढेल. इथं मात्र तोच कागद 'पेपर क्लिअर' म्हणून फिरतो. नोटरीबद्दलही एक गैरसमज आहे. नोटरी करारावर सही कोणी केली ते बघतो. सही करणारा गाडीचा मालक आहे का, हे तो शिक्का सांगत नाही.

दहा हजार यूपीआयनं दिले, बाकी त्यानं रोखच मागितले. यूपीआयवर नाव आलं ते शेडवाल्याचं नव्हतं. "मेव्हण्याचं खातं हाय, माझं केवायसी अडकलंय." पुढं सगळ्या प्रकरणात हाच एक व्यवहार पुराव्याला उपयोगी पडला.

आठ दिवसांचे पंधरा झाले, पंधराचा महिना. "मालक गावाला गेलाय." "साहेब रजेवर हायत." "सर्व्हर डाऊन हाय." आणि प्रत्येक वेळी शेवटी, "गाडी चालतीया न्हवं? मग कशाला काळजी करताय?"

गाडी चालत होती, पण दिवा मधूनच जायचा आणि हॉर्न आपोआप वाजायचा. उद्यमनगरातल्या ओळखीच्या मिस्त्रीकडं नेली. त्यानं हेडलाईटची वाटी उघडली, आतल्या वायरिंगचा एक कपलर, म्हणजे वायरी जोडणारा तुकडा, सोडवला आणि तळहातावर आपटला. पिवळसर, पिठासारखा बारीक गाळ पडला. मग टाकी उतरवली. टाकीखालच्या चॅनेलमध्ये तोच गाळ वाळून पापुद्रा धरलेला. वरून रंग नवा, सीट कव्हर नवं, आणि आत नदी. मिस्त्री म्हणाला, "ताई, ही गाडी पाणी प्यालीया. एक पूर तर नक्कीच बघितलाय हिनं."

२०१९चा ऑगस्ट आणि २०२१चा जुलै आपल्याकडं कुणाला सांगायला नको. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, शिरोळ तालुक्यात गावंच्या गावं पाण्यात, आणि दारात उभ्या असलेल्या गाड्या हँडलपर्यंत बुडालेल्या. ज्यांचा पूर्ण विमा होता त्यांना भरपाई मिळाली. ज्यांचा फक्त थर्ड पार्टी होता त्यांना काहीच नाही, कारण त्या विम्यात आपल्या गाडीचं नुकसान येतच नाही. दुरुस्तीपलीकडं गेलेल्या गाड्या भंगारात गेल्या. कायमची निकामी झालेली गाडी मालकानं आरटीओला चौदा दिवसांत कळवून आरसी जमा करायची आणि नोंदणी रद्द व्हायची, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ सांगतं. नोंदणी कागदावर रद्द होते. लोखंड मात्र भंगारवाल्याच्या अंगणात तसंच असतं, आणि स्प्लेंडरचं इंजिन बांधायला कोल्हापुरात मिस्त्री कमी नाहीत.

शेवटी मी स्वतः एका एजंटाकडं बसले. ऑनलाईन नाव बदलाच्या अर्जात आधी गाडीचा नंबर टाकायचा आणि त्याच्यासोबत चेसिसचे शेवटचे पाच आकडे. ॲपवर जे झाकलेले असतात, तेच हे. एजंटानं पॉलिसीवरचे आकडे टाकले. जुळत नाही. परत टाकले, मग गाडीपाशी जाऊन वाचून आला आणि परत टाकले. जुळत नाही. तो खुर्चीत मागं रेलला आणि म्हणाला, "ताई, ही गाडी ह्या नंबरची न्हाई."

हाच सगळा डाव. गाडी एक आणि नंबर दुसऱ्याच गाडीचा. नंबर निवडताना मॉडेल आणि वर्ष तेच बघितलेलं, म्हणजे ॲपवर कितीही वेळा बघा, सगळं हिरवंगार दिसणार. आणि चेसिसशी जुळणारी ती पॉलिसी बनावट. कंपनीच्या साईटवर पॉलिसी नंबर टाकला तर तो एका चारचाकीचा निघाला. शेडवाल्यानं आमच्या गाडीवरचा चेसिस वाचून पॉलिसीवर छापला आणि मग दोन्ही जुळवून दाखवले. न जुळायला झालंय काय!

एक धागा मात्र त्याच्या हातून सुटला होता. ॲपवर विम्याची मुदत एका महिन्याची दिसत होती, त्याच्या पॉलिसीवर दुसऱ्याच महिन्याची. खऱ्या गाडीचा विमा खऱ्या मालकानं उतरवलेला, त्यामुळं तारीख वेगळी. जुनी गाडी बघताना पॉलिसीवरची तारीख आणि कंपनी ॲपवरच्या नोंदीशी ताडून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. दुसरी खूण नंबरप्लेट. १ एप्रिल २०१९च्या आधीच्या गाड्यांना आता एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरप्लेट, लागते, आणि ती बुक करताना गाडीच्या नंबरासोबत चेसिस आणि इंजिनचे आकडेही द्यावे लागतात. आमच्या गाडीला साधी रेडियमची प्लेट होती. "बुकिंग केलंय, तारीख मिळंना" हे त्याचं म्हणणं त्या वेळी पटलं, कारण अर्ध्या कोल्हापूरची तीच कथा होती.

आरटीओत गाडी दाखवली. निरीक्षकांनी मानेवरचा रंग थिनरनं पुसून कागद ठेवला आणि पेन्सिल घासून ठसा घेतला. आकडे मूळचेच होते, खाडाखोड नव्हती. चेसिसवरून शोधल्यावर गाडी दुसऱ्याच नंबरची निघाली आणि तिची नोंदणी रद्द झालेली. म्हणजे सरकारदरबारी आमची गाडी अस्तित्वातच नव्हती. रद्द झालेली नोंदणी कुणाच्या नावावर चढवणार? त्यांनी सरळ सांगितलं, ही गाडी आता रस्त्यावर आणू नका, पोलिसात जा.

पोलिसात सुरुवातीला "हा देवाणघेवाणीचा वाद आहे, वकील गाठा" असं ऐकून घ्यावं लागलं. करारपत्र पुढं केलं की तेच उत्तर येतं. मग मी करारपत्र बाजूला ठेवलं. चेसिसचा ठसा, बनावट पॉलिसी आणि यूपीआयचा व्यवहार एवढेच तीन कागद पुढं केले आणि दुसऱ्याच्या नंबराची प्लेट लावून गाडी विकली, असा अर्ज दिला. तेव्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८खाली फसवणुकीचा विषय झाला. असल्या प्रकरणात सुरुवात पैशापासून करू नका, नंबरप्लेटपासून करा. गाडी जप्त झाली. मुद्देमाल म्हणून आवारात उभी आहे, आणि सोडवून तरी काय करायचं?

शेडला कुलूप आहे. मेव्हणा म्हणवणाऱ्याचा फोन आला होता, दहा हजार परत देतो, अर्ज मागं घ्या म्हणून. भाऊ तयार झाला होता, मी नाही म्हटलं.

आमच्यासारखी प्लेट बदललेली गाडी प्रत्येकाच्या वाट्याला येणार नाही. आरसी नसलेली गाडी खरोखर मालकाचीही असू शकते. मग मालकाला समोर बसवा. त्याच्या नावावर आधी डुप्लिकेट आरसी निघू दे, मगच व्यवहार. नाव बदलाच्या अर्जात ओटीपी त्याच्या नोंदलेल्या मोबाईलवर जातो, त्यामुळे माणूस हजर नसेल तर टीटीवरच्या सहीला काही किंमत नाही. मालक वारला असेल तर टीटी चालतच नाही. वारसानं फॉर्म ३१ भरून आधी स्वतःच्या नावावर करून घ्यायची असते. बोजा असेल तर फायनान्स कंपनीची सही असलेला, बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हवा. निपाणीकडची केए-२३, म्हणजे कर्नाटक पासिंगची गाडी, स्वस्त मिळते म्हणून उड्या मारू नका, तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, आणि इकडचा टॅक्स धरला की स्वस्ताई संपते. दुचाकीच्या नाव बदलाची मूळ सरकारी फी दीडशे रुपये आहे, स्मार्ट कार्ड आणि टपालाचे वेगळे. त्यासाठी कोणी चार हजार सांगत असेल तर ते कशाचे, हे विचाराच.

आणि गाडी विकणाऱ्यांनीही ओपन टीटीवर सही करून मोकळं होऊ नये. राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. नाव तुमचंच राहिलं आणि गाडी तीन हात पुढं जाऊन अपघात झाला, तर भरपाईच्या दाव्यात मालक म्हणून तुम्हालाच धरतात. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली नेमका असाच निकाल दिला आहे.

आमच्या प्लेटवरच्या नंबराचे खरे मालक पोलिसांमार्फत सापडले. सांगली जिल्ह्यातले शेतकरी, गाडी घरासमोर उभी. महिनोन्महिने त्यांना कोल्हापुरातल्या चौकांतली विनाहेल्मेट चलनं येत होती, आमच्या आधी कोण चालवत होतं देव जाणे. दुचाकीवरून कोल्हापूरला आल्याला आपल्याला वर्षं झाली, असं ते म्हणाले. त्यांना आमच्या अर्जाची पोच आणि आरटीओच्या ठशाची झेरॉक्स दिली आहे. चलनाविरुद्ध ऑनलाईन तक्रार करताना ती दोन्ही जोडायची आहेत, आणि त्यांचा मुलगा ती भरतोय.