हार्ट अटॅक : आधी इंजेक्शन की थेट बांबोळी?

ईसीजीत एसटी (आलेखातला एक भाग) चढलेली दिसली, म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाल्याची खूण दिसली, आणि माणूस पणजीचा असेल, तर थेट बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. निदानापासून १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी (फुग्याने रक्तवाहिनी उघडणं) होणार असेल तर तीच सरस.

दक्षिण टोकाच्या काणकोणच्या रुग्णाला मात्र करमल घाट ओलांडायचा असतो, आणि तोवर हृदयाचा स्नायू मरत राहतो. उशीर होणार असेल तर जवळच्या रुग्णालयातच गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेज द्यावं, मग १०८ने बांबोळीला हलवावं, असं माझं ठाम मत. २०१३च्या स्ट्रीम चाचणीत, दुखणं सुरू झाल्यापासून तीन तासांत आलेल्या पण तासाभरात अँजिओप्लास्टी न मिळणाऱ्या रुग्णांत आधी इंजेक्शन आणि थेट अँजिओप्लास्टी या दोन्ही वाटांचे निकाल जवळपास सारखेच आले. मेंदूतला रक्तस्राव मात्र इंजेक्शनवाल्यांत जास्त : १ टक्का, थेट अँजिओप्लास्टीवाल्यांत ०.२. म्हणूनच पंचाहत्तरीपुढे अर्धा डोस. अलीकडे पक्षाघात झालेला असेल तर इंजेक्शन नकोच. घरच्यांनी पोचताक्षणी तेवढं सांगावंच.