ब्लूगिल-क्रॅपीसाठी घेतलेला अल्ट्रालाइट सेट: मार्च ते जूनच्या वापरानंतर

वापराची जागा न्यू जर्सी. बहुतेक वेळा फॅरिंग्टन लेक आणि मर्सर लेक, तेही काठावरून, होडीशिवाय. पाणी दोन ते पाच फूट. मासे म्हणजे ब्लूगिल, पंपकिनसीड, ब्लॅक क्रॅपी आणि सुरुवातीच्या थंडीत यलो पर्च. अमेरिकेत या सगळ्यांना मिळून पॅनफिश म्हणतात, तव्यात अख्खा मावणारा मासा. हाताएवढाच, पण साडेतीन महिने सातत्याने गरवल्यावर साहित्यातला प्रत्येक दोष याच माशाने उघडा पाडला. मोठा मासा ढिसाळ साहित्य चालवून घेतो, हा घेत नाही.

सेट असा: साडेसहा फुटी दोन तुकड्यांचा ग्राफाइट रॉड (२ ते ६ पौंडी तंगुसासाठी, आमिषाचं वजन १/३२ ते १/४ औंस), १००० साइझचं स्पिनिंग रील, आणि दुकानातूनच भरून आलेला ६ पौंडी तंगूस. रॉडला पाचपैकी चार, रीलला साडेतीन. भरून आलेल्या तंगुसाला शून्य. तो पहिल्याच आठवड्यात उतरवावा लागला.

कारण सरळ आहे. १००० चा स्पूल (रीलवरची तंगुसाची फिरकी) लहान, त्यावर महिनोन्‌महिने गुंडाळून राहिलेला जाड तंगूस स्प्रिंगसारखी वेटोळी धरतो. एक ग्रॅमसुद्धा नसलेल्या जिगमध्ये (डोक्याशी वजन ओतलेला गळ) ती वेटोळी सरळ करायची ताकद नसते. फेक दहा-बारा फुटांवर पडते आणि माशाने तोंड लावलं तरी ते वेटोळ्यांतच जिरतं, हाताला कळत नाही. ४ पौंडी मऊ मोनो (एकपदरी नायलॉनचा तंगूस) भरल्यावर तोच रॉड वेगळा वाटू लागला. भरताना स्पूलच्या कडेपासून साधारण ३ मिलिमीटर जागा सोडायची. त्याहून कमी भरला तर कडेला घासून फेक तुटते, जास्त भरला तर फेकताना एकदम पाच-सहा वेढे सुटून गुंता होतो. भरण्याआधी तंगुसाची विकत आणलेली भरलेली रीळ कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवली तर वेटोळी बरीच मोडतात.

पीळ ही दुसरी कटकट. फेकल्यावर हँडल फिरवून बेल (रीलवरची तंगूस धरणारी तारेची कमान) बंद केली की प्रत्येक वेळी थोडा सैल वेढा आत जातो. वीस-पंचवीस फेकींनंतर त्याचीच गाठ होते. बेल हाताने पाडायची, तंगूस दोन बोटांत हलका ताणायचा आणि मगच गुंडाळायला लागायचं. छोटा इनलाइन स्पिनर (गरगर फिरणाऱ्या पात्याचं आमिष) वापरणार असाल तर दीड फूट वर एक बारीक स्विव्हल, म्हणजे फिरती कडी, लावा, नाहीतर तासाभरात दोऱ्याची जिलबी होते.

आता बॉबर किंवा फ्लोट, म्हणजे गळ पाण्यात टांगून ठेवणारं तरंगतं. सगळ्यात स्वस्त वस्तू हीच आणि सगळ्यात जास्त मासे हिनेच घालवले. सेटबरोबर मिळणारा लाल-पांढरा प्लास्टिकचा गोळा मुलांच्या हातात शोभतो. एक इंची गोळा पूर्ण बुडवायला साधारण सहा-सात ग्रॅमांचा जोर लागतो. खाली लावलेली जिग ०.९ ग्रॅमची. म्हणजे थंड पाण्यातल्या सुस्त ब्लूगिलने आमिष तोंडात ओढलं की वरून सहापट अडथळा. तो ओढतो, जड लागलं की लगेच थुंकतो. काठावरून फक्त गोळा किंचित थरथरल्याचं दिसतं आणि आपण म्हणतो, लहान मासे टोचताहेत. बहुतेक वेळा ते लहान नसतात.

बारीक, उभा पेन्सिल फ्लोट घ्या आणि तो घरीच बादलीत तोलून घ्या. १/३२ औंसाची जिग बांधा, फ्लोट पाण्यात सोडा. आडवा पडला तर वजन कमी आहे. ०.४ ग्रॅमचा एक स्प्लिट शॉट, म्हणजे चीर असलेली वजनाची गोळी (शिशाऐवजी कथलाचा मिळतो, पाणपक्ष्यांसाठी तो बरा) तंगुसावर दाबा. उभा राहिला पण अर्धा वरच दिसतोय, तर आणखी एक, अर्ध्या वजनाचा. फ्लोटचं टोक पाण्यावर सेंटिमीटरभर उरलं की थांबायचं. शॉट जिगपासून आठ-दहा इंच वर हवा. अगदी जवळ दाबला तर जिग हळू तरंगत उतरण्याऐवजी दगडासारखी पडते, आणि क्रॅपी घेते ती उतरतानाच.

असा तोललेला फ्लोट दोन्ही बाजूंनी बोलतो. बुडाला तर मासा खाली किंवा बाजूला गेला. उलट शांतपणे आडवा झाला, तर माशाने जिग खालून उचलली आणि फ्लोटवरचं वजनच नाहीसं झालं. क्रॅपीचे डोळे वरच्या बाजूचं टिपणारे, ती आमिषाकडे खालून येते, त्यामुळे हा आडवा होणारा इशारा तिच्याबाबतीत वारंवार मिळतो. तेव्हा हिसका नको. रॉड दोन फूट सावकाश उचला, एवढं पुरे. क्रॅपीच्या तोंडाची बाजूची कातडी कागदासारखी पातळ असते. जोराचा झटका दिला की भोक मोठं होतं आणि काठाशी आणता आणता गळ गळून पडतो. ड्रॅगही (मासा ओढू लागला की तंगूस सोडणारी रीलची पकड) त्याच बेताने ठेवायचा. ४ पौंडी तंगुसाला एक पौंडाच्या आसपास ओढ पुरे.

स्लिप बॉबरबद्दल (तंगुसावर मोकळा सरकणारा, वर बांधलेल्या गाठीशी अडणारा) बरंच कौतुक ऐकू येतं, त्यात थोडं पाणी घालावं लागेल. चार-पाच फुटांपलीकडे तो हवाच, कारण एवढी लांबी खाली लोंबत ठेवून साडेसहा फुटी रॉडने फेकणं अवघड जातं. पण दोन-तीन फुटांत, १/६४ औंसाच्या जिगवर, तो नीट चालत नाही. एवढीशी जिग बॉबरच्या नळीतून तंगूस ओढूच शकत नाही. बॉबर पाण्यावर लोळत राहतो, जिग त्याच्या बुडाशी अडकलेली, आणि आपण अर्धा तास फूटभर खोलीवर गरवत बसतो. उथळ पाण्यात दोन रबरी नळ्यांनी घट्ट बसणारा साधा फ्लोटच बरा. स्लिप वापरलाच तर अडणीच्या गाठीची टोकं सेंटिमीटरभर ठेवा आणि गाठ व बॉबर यांच्यात मणी विसरू नका. मणी नसला तर गाठ नळीतून आरपार निघून जाते.

जिगची गाठ कशी बसते याकडे कोणी फारसं बघत नाही, पण बघावं. फ्लोटखाली जिग आडवी लोंबली पाहिजे, पोहत्या किड्यासारखी. क्लिंच गाठ पाच वेढ्यांची, ओली करून आवळलेली, आणि गळाच्या डोळ्याच्या बरोबर माथ्यावर आणलेली हवी. प्रत्येक मासा काढल्यावर ती सरकून डोळ्याच्या पुढच्या कडेला जाते आणि जिग शेपूट खाली टाकून उभी राहते. मासे एकाएकी थांबले तर जागा बदलण्याआधी नखाने गाठ मागे ढकलून बघा.

आमिषात क्रॅपीला दीड इंची मऊ प्लास्टिकची ट्यूब किंवा पिसांची माराबू जिग पुरते. ब्लूगिलचं तोंड अगदी लहान, त्याला ८ नंबरचा लांब दांड्याचा बारीक तारेचा गळ आणि त्यावर एकच वॅक्सवर्म (मेणकिड्याची अळी) किंवा गांडुळाचा सेंटिमीटरभर तुकडा. अख्खं गांडूळ लावलं की तो लोंबतं टोक कुरतडून जातो. लांब दांड्याचा फायदा सोडवताना कळतो, गिळलेला गळ फोर्सेप्सने धरायला काहीतरी हाताशी येतं. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाकला तर आणखी सोपं. फार खोल गेला असेल आणि मासा सोडायचा असेल तर ओढाताण न करता तंगूस कापा. हातात धरताना तळवा डोक्याकडून शेपटीकडे फिरवायचा म्हणजे पाठीवरचे काटे मिटतात. उलट फिरवलात तर टोचल्याशिवाय राहत नाहीत.

जागा आणि वेळ ठरते पाण्याच्या तापमानावर. पोहण्याच्या तलावाचा साधा थर्मामीटर दोरीला बांधून टाकला तरी काम भागतं. ४५ ते ५२ फॅरनहाइटला पर्च अंडी घालतात, साधारण ६० ते ६५ ला क्रॅपी, ७० च्या आसपास ब्लूगिल. म्हणजे न्यू जर्सीच्या या भागात मार्चअखेर ते एप्रिल पर्चचा, एप्रिलअखेर ते मे क्रॅपीचा, मेचा उत्तरार्ध आणि जून ब्लूगिलचा. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे उठून जाण्यात काही अर्थ नाही. दुपारी दोन ते सूर्यास्त ही वेळ, कारण काळ्या गाळाची उथळ खाडी दिवसभर उन्हात दोन-चार अंशांनी तापते. तळ्याचा उत्तर काठ आधी धरावा. दक्षिणेकडून येणारं ऊन त्याच्यावर पडतं, आणि दक्षिणेचा वारा असेल तर वरचं ऊबदार पाणीही तिकडेच लोटलं जातं. रात्रीतून थंड वारा फिरला की मासे पहिल्या उतारावर, सहा-आठ फुटांवर सरकतात. तेव्हा उथळात हटून बसू नये.

क्रॅपी पडलेल्या झाडाच्या फांद्यांजवळ, जुन्या लव्हाळ्याच्या कडेला. तीन फूट पाण्यात जिग दीड फुटावर ठेवा, तळाशी नको. फ्लोट फूटभर ओढा आणि दहा-पंधरा सेकंद हात आवरा. हलकी लाट असेल तर तेवढंही करू नका, लाटच जिग नाचवते. स्वच्छ पाण्यात काठाच्या टोकाला उभं राहणं ही सर्रास होणारी चूक. सावली पाण्यावर पडली की दोन फुटांतले मासे गेले. दोन पावलं मागे, शक्यतो बसून. तपकिरी काचांचा पोलराइज्ड चष्मा मात्र घ्याच, त्याशिवाय ब्लूगिलची घरटी दिसत नाहीत.

ही घरटी म्हणजे वाळूत किंवा बारीक खड्यांत शेपटीने केलेली थाळीएवढी खळगी, एकमेकांना लागून वीस-तीस. उजनीच्या काठावर चिलापी गरवलेल्यांना ती लगेच ओळखू येतील. नर तिथे राखण करतो आणि समोर येईल त्यावर धावतो, म्हणून गळाला लागणं फार सोपं होतं. नेमकी इथेच हाव आवरायची. मोठे, गडद रंगाचे, तांबूस छातीचे नर उचलून नेले की अंडी उघडी पडतात. शिवाय मोठ्यांची स्पर्धा संपल्यावर लहान नर लवकर वयात येतात आणि त्यांची वाढ खुंटते. काही वर्षांत तळंभर चार इंची मासे उरतात. खायला सात इंचांच्या आसपासचे घ्या, सगळ्यात मोठे सोडा. घरट्यांतून चालत पाण्यात उतरणं तर नकोच.

रॉडचे दोन दोष. जोड फेकता फेकता सैल होतो आणि वरचा तुकडा फिरतो, गाइड्स (तंगूस ज्यांतून जातो ती रॉडवरची कडी) एका रेषेत राहत नाहीत. जोडावर मेणबत्तीचं मेण हलकं घासलं की थांबतं. दुसरं, नेताना गळ टोकाच्या गाइडमध्ये अडकवायची सवय. आतल्या चिनीमातीच्या कड्याला टवका उडतो, डोळ्याला दिसत नाही, पण ४ पौंडी तंगूस तिथेच खरवडला जाऊन तुटायला लागतो. संशय आला तर कापसाचा बोळा कड्यातून फिरवा, तंतू अडकले म्हणजे टवका आहे. रीलचा अर्धा गुण गेला तो बेलच्या रोलरमुळे. वाळू शिरली की तो फिरायचा थांबतो आणि पीळ वाढतो. महिन्यातून एकदा एक थेंब तेल द्यावं लागतं.

चेन पिकरेलचा बंदोबस्त मात्र होत नाही. पाणगवतात दबून बसलेला हा दातेरी मासा जिग तोंडात घेतो आणि तंगूस सुरीने कापावा तसा कापतो. जिगच्या वर तारेचा तुकडा (लीडर) लावला तर पॅनफिश बिचकतात. जिग जास्त ठेवणं एवढाच उपाय, एका फेरीला पंधरा तरी.

नियमांचं थोडक्यात: न्यू जर्सीत १६ ते ६९ वयाला लायसन्स लागतं आणि ते त्याच कॅलेंडर वर्षापुरतं असतं, त्यामुळे डिसेंबरात काढू नका. याच उथळ पाण्यात बास मासेही अंडी घालतात. १५ एप्रिल ते १५ जून बास लागला तर सोडावाच लागतो. घरी नेण्याआधी त्या तळ्यातल्या माशांत असणाऱ्या पाऱ्याबद्दल खाण्याची सूचना काय आहे तेही राज्याच्या यादीत बघून घ्या, विशेषतः लहान मुलांना वाढणार असाल तर.

तव्याचं म्हणाल तर सात इंची ब्लूगिलचे फिले काढण्यात वेळ घालवू नये, हाती फार थोडं येतं. खवले काढून, डोकं उडवून, पाठीच्या पराच्या दोन्ही बाजूंनी सुरी फिरवली की पर काट्यांसकट उपटून येतो. अंगावर दोन तिरक्या चिरा, आगळ-मीठ-मसाला, बारीक रवा. क्रॅपीचं मांस मऊ, ती लवकर उलटली तर मोडते.

पुन्हा घ्यायचं झालं तर रॉड तोच, रील रिकामं, ४ पौंडी मोनो वेगळा, पेन्सिल फ्लोट सहा, १/३२ च्या जिग तीस आणि १/६४ च्या दहा. लाल-पांढरे गोळे शेजारच्या पोरांना देऊन झाले आहेत.